ओव्याचं फूल आणि मोरीचं पाणी

सकाळच्या तीन-चार तासांत घराच्या मोरीतून काय काय वाहून जातं, याची एकदा यादी करून पाहावी. टूथपेस्टचा फेस, शाम्पू, अंगाचा साबण, कपड्यांची पावडर, भांड्यांचा बार, फरशी पुसायचं फिनाइल. आजीने रात्री गुडघ्याला चोळलेलं वेदनाशामक मलम कातडीत थोडंच मुरतं, बाकीचं आंघोळीबरोबर धुऊन निघतं. मधुमेहावरची मेटफॉर्मिनची गोळी शरीरात मोडत नाही, ती लघवीवाटे जशीच्या तशी बाहेर पडते. चहा-कॉफीतल्या कॅफीनचाही थोडा अंश शेवटी याच वाटेने जातो. नायलॉन-पॉलिएस्टरच्या कपड्यांचे केसाहून बारीक तंतू धुलाईच्या पाण्यात मिसळतात.

शहरी पाणीपुरवठ्याच्या आराखड्यात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातलं सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं असं मानतात. म्हणजे चौघांच्या घरातून रोज चारशे लिटरहून जास्त. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१च्या अहवालानुसार देशातल्या शहरांमधून दिवसाला ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होतं. ते शुद्ध करण्याची उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटरची होती आणि प्रत्यक्षात शुद्ध होत होतं २०,२३६ दशलक्ष लिटर. उरलेलं सगळं नाल्यातून, ओढ्यातून नदीत.

यातलं बहुतेक डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो फेस. आळंदीला इंद्रायणीवर पांढऱ्या फेसाचे थर साचल्याची छायाचित्रं गेल्या काही वर्षांत वारंवार छापून आली. फेस दिसला की चर्चा होते. औषधाचा अंश, जंतुनाशकाचा अंश, प्लास्टिकमधून झिरपलेलं बिस्फेनॉल-ए यांना रंग नाही, फेस नाही, या प्रमाणात वासही नाही. ते आहेत की नाही हे फक्त चाचणी सांगू शकते. या प्रकरणात त्या चाचणीविषयी बोलायचं आहे. मुद्दा एकच: पाण्यातली घाण मोजणारी रीत स्वतः घाण करणारी असू नये, आणि ती इतकी स्वस्त व सोपी असावी की तालुक्याच्या गावीही करता यावी.

इतकं थोडं, तरी महत्त्वाचं

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात नेमाने तपासतात त्या गोष्टी ठरलेल्या आहेत: पाण्याची आम्लता, गढूळपणा आणणारे कण, सेंद्रिय पदार्थ मोडायला किती ऑक्सिजन लागेल याची दोन मोजमापं म्हणजे बीओडी आणि सीओडी, आणि विष्ठेतले जंतू. या चाचण्या आवश्यकच आहेत. पण त्या औषधाचं नाव सांगत नाहीत. सीओडीचा आकडा कमी आला म्हणून पाण्यात डायक्लोफिनॅक नाही असं म्हणता येत नाही.

डायक्लोफिनॅक हे नाव आपल्याला गिधाडांमुळे ठाऊक झालं. १९९०च्या दशकात भारतातली गिधाडं झपाट्याने मरू लागली. हे औषध दिलेल्या गुरांची मढी खाल्ल्याने त्यांचे मूत्रपिंड निकामी होत होते, हे २००४ साली उघड झालं. २००६ मध्ये भारताने गुरांसाठी त्याचं उत्पादन थांबवलं. माणसांसाठी ते आजही गोळीत आहे, मलमात आहे, म्हणून सांडपाण्यातही आहे. ट्रायक्लोसान हे जंतुनाशक पुष्कळ साबणांत असायचं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये घरगुती जंतुनाशक साबणांतून ते काढायला लावलं. अपस्माराच्या रुग्णांना देतात ते कार्बामाझेपिन शुद्धीकरण केंद्रातून जवळपास तसंच बाहेर पडतं. उलट कॅफीन शुद्धीकरणात बऱ्यापैकी नाहीसं होतं. त्यामुळे नदीच्या पाण्यात कॅफीन भरपूर सापडलं तर वर कुठेतरी कच्चं सांडपाणी थेट मिसळतंय असा अंदाज बांधता येतो. प्रत्येक पदार्थ काही ना काही सांगत असतो.

अडचण प्रमाणाची आहे. हे पदार्थ लिटरमागे काही मायक्रोग्रॅम, कधी काही नॅनोग्रॅम इतकेच असतात. ऑलिम्पिक स्पर्धेच्या जलतरण तलावात २५ लाख लिटर पाणी मावतं. त्यात अर्धा चमचा, म्हणजे अडीच ग्रॅम साखर विरघळवली, की लिटरमागे एक मायक्रोग्रॅम होते. एवढीशी साखर शोधायला यंत्र कितीही चांगलं असलं तरी सांडपाणी थेट यंत्रात घालून भागत नाही. साबण, तेल, क्षार, कुजके कण यांच्या गर्दीत हवा तो पदार्थ बुडून जातो. म्हणून आधी तो पाण्यातून बाहेर काढायचा आणि थोड्याशा जागेत गोळा करायचा. या कामाला निष्कर्षण म्हणतात, आणि ते करतो तो द्रावक.

मोजमापाची किंमत

निष्कर्षणामागचं तत्त्व सरळ आहे. न मिसळणारे दोन द्रव एकत्र हलवले, तर तिसरा पदार्थ ज्यात त्याला जास्त रुचतं त्या द्रवाकडे जास्त प्रमाणात जातो. वाल्थर नेर्न्स्ट यांनी १८९१ साली हा वाटणीचा नियम मांडला. तेलकट वृत्तीचा पदार्थ पाणी सोडून तेलकट द्रवात शिरतो. ट्रायक्लोसान असा पटकन शिरतो. कॅफीनला पाणीच बरं वाटतं, ते सहजी बाहेर येत नाही.

प्रयोगशाळेतलं जुनं साधन म्हणजे तळाला तोटी असलेलं, वर फुगीर आणि खाली निमुळतं काचेचं भांडं, सेपरेटिंग फनेल. कीटकनाशकांसारखे सेंद्रिय प्रदूषक शोधण्याच्या अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या जुन्या पद्धतीत एक लिटर पाणी घेऊन त्यात डायक्लोरोमिथेन ६० मिलिलिटर ओतायचं, जोरजोराने हलवायचं, बूच उघडून दाब सोडायचा, थर वेगळे झाले की खालचा थर काढून घ्यायचा, असं तीनदा करायचं. एका नमुन्याला १८० मिलिलिटर. पुढे हे सगळं आटवून मिलिलिटरभर उरवायचं आणि त्यातला थेंब यंत्रात टोचायचा. डायक्लोरोमिथेन ४० अंशांनाच उकळतं. त्याची वाफ हुंगणाऱ्याचं डोकं गरगरतं, यकृताला ते घातक आहे आणि ते माणसात कर्करोग घडवण्याची दाट शक्यता असलेल्या पदार्थांच्या यादीत आहे. अमेरिकेने २०२४ मध्ये त्याच्या बहुतेक वापरांवर बंदी आणली. प्रयोगशाळांना ते वापरता येतं, पण कडक खबरदारी घेऊनच.

डिटर्जंट मोजायची पद्धत बघण्यासारखी आहे. मिथिलीन ब्लू हा निळा रंग पाण्यात विरघळतो, क्लोरोफॉर्ममध्ये जात नाही. पण पाण्यात कपड्यांच्या पावडरीतला डिटर्जंट असेल, तर रंगाचा धनभारित रेणू आणि डिटर्जंटचा ऋणभारित रेणू यांची जोडी जमते. ही जोडी भाररहित झाल्यामुळे तिला क्लोरोफॉर्ममध्ये शिरता येतं. भांडं हलवून ठेवलं की खालचा, आधी नितळ असलेला थर हळूहळू निळा होतो. डिटर्जंट जास्त तर निळाई गडद. हा निळा क्लोरोफॉर्म शंभर मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये भरायचा आणि ६५२ नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजायचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, अशा डिटर्जंटची इष्ट मर्यादा लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम आहे. पद्धत सुरेख, भरवशाची, दशकानुदशकं चालत आलेली. पण दर चाचणीमागे ओंजळभर क्लोरोफॉर्म उरतो, आणि त्याची नीट विल्हेवाट लावायची सोय नसलेल्या प्रयोगशाळा आपल्याकडे पुष्कळ आहेत.

यातलं सर्वांत बोलकं उदाहरण तेलाचं आहे. पाण्यातलं तेल आणि वंगण मोजायला अमेरिकेत फ्रिऑन-११३ वापरत. फ्रिऑन म्हणजे ओझोनच्या थराला भोक पाडणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बन कुळातलं रसायन. नदी किती मळली हे ठरवताना आकाश मळत होतं. १९८७च्या माँट्रियल करारानंतर फ्रिऑन हद्दपार होऊ लागलं, तसा या चाचणीसाठीही पर्याय शोधावा लागला. १९९९ मध्ये हेक्झेनवर आधारलेली नवी पद्धत, क्रमांक १६६४, अधिकृत झाली. हेक्झेनही निर्दोष नाही, ते दीर्घकाळ हुंगलं तर हातापायांच्या नसा बिघडतात. तरीही त्या बदलाने एक गोष्ट सिद्ध केली: सरकारी पुस्तकात छापलेली चाचणी बदलता येते.

लिटराकडून थेंबाकडे

पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ साली हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वं मांडली. कचरा झाल्यावर साफ करण्यापेक्षा तो होऊच देऊ नये, हे त्यातलं पहिलं. ही तत्त्वं कारखान्यातल्या उत्पादनासाठी होती. २०१३ मध्ये पोलंडच्या अग्निएश्का गॉउश्का, झ्डिस्वाव मिगाशेव्स्की आणि यात्सेक नामिएश्निक यांनी रासायनिक विश्लेषणासाठी वेगळी बारा तत्त्वं लिहिली: नमुना कमी घ्या, टप्पे कमी करा, विषारी द्रव टाळा, करणाऱ्याचा जीव सांभाळा.

त्याआधीच काही संशोधकांनी द्रावक कमी करण्याची खटपट सुरू केली होती. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात यानुश पावलीशिन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९० साली केसाएवढ्या काचतंतूवर शोषक लेप दिला आणि तो तंतूच पाण्यात बुडवला. प्रदूषक लेपात मुरतात, मग तो तंतू थेट यंत्रात घालून तापवायचा. द्रावक लागतच नाही.

१९९६ मध्ये पूर्णेंदू दासगुप्ता आणि त्यांचे सहकारी लिऊ यांनी एक अनोखं काम छापलं. पाण्याच्या एका थेंबाच्या आत क्लोरोफॉर्मचा थेंब टांगायचा, १.३ मायक्रोलिटरचा. बाहेरच्या थेंबातून नमुना आणि मिथिलीन ब्लू वाहत राहतं, डिटर्जंट आणि रंगाची जोडी आतल्या थेंबात शिरते, तो थेंब निळा होतो आणि बारीक एलईडीच्या प्रकाशात ती निळाई मोजली जाते. मघाची शंभर मिलिलिटरची चाचणी त्यांनी एका थेंबात बसवली. विष तेच, पण मात्रा हजारो पटींनी कमी.

२००६ मध्ये तेहरानच्या मोहम्मद रेझाई, याघूब असादी आणि सहकाऱ्यांनी आणखी सोपी युक्ती काढली. आठ मायक्रोलिटर द्रावक एक मिलिलिटर ॲसिटोनमध्ये मिसळून पिचकारीने पाण्यात जोरात सोडायचा. ॲसिटोन पाण्यात विरघळतं आणि द्रावकाचे असंख्य सूक्ष्म कण होऊन पाणी दुधाळ होतं. कण बारीक, म्हणून पाण्याशी त्यांचा स्पर्श प्रचंड, आणि प्रदूषक काही सेकंदांत त्यांच्यात शिरतात. मग सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवलं की कण एकत्र येऊन तळाशी इवलासा थेंब बसतो. महागडं काहीच नाही: पिचकारी, निमुळत्या बुडाची नळी आणि सेंट्रिफ्यूज. कॉलेजच्या प्रयोगशाळेतही जमेल अशी ही रीत जगभर पसरली. खोट एवढीच, की तो थेंब टेट्राक्लोरोइथिलीनसारख्या क्लोरीनयुक्त द्रावकाचा होता. प्रमाणाचा प्रश्न सुटला होता, आता थेंब कशाचा हा प्रश्न उरला.

अमृतधारेचं रसायन

त्याचं एक उत्तर आपल्या घरातल्या औषधांच्या फडताळात पिढ्यान्‌पिढ्या आहे. पोटदुखीवर, डोकेदुखीवर वापरतात ती अमृतधारा बनवायची रीत अनेक घरांत माहीत असते. ओव्याचं फूल, पेपरमिंटचं फूल आणि कापूर सारख्या भागांनी घ्यायचे आणि कोरड्या काचेच्या बाटलीत घालून बूच लावायचं. तिन्ही घन, तिन्ही स्फटिक. पाण्याचा थेंबही घालायचा नाही, चुलीवर ठेवायचं नाही. थोड्या वेळात स्फटिकांच्या कडा ओलसर दिसू लागतात, एकमेकांना टेकलेले खडे विरघळल्यासारखे खचतात, आणि शेवटी बाटलीत उरतो नितळ, झणझणीत वासाचा द्रव.

ओव्याचं फूल म्हणजे थायमॉल, ते ५० अंशांच्या आसपास वितळतं. पेपरमिंटचं फूल म्हणजे मेंथॉल, त्याचा वितळणांक ४२ अंशांच्या आसपास. कापूर तर १७५ अंशांच्या पुढे. मग घरातल्या तापमानाला ते पातळ का होतात? घन स्फटिकात एकाच जातीचे रेणू शिस्तीत रचलेले असतात. थायमॉलच्या रेणूवरचा हायड्रोजन मेंथॉलच्या किंवा कापराच्या ऑक्सिजनशी बंध जोडतो, तो बंध आपल्या जातीतल्या बंधाहून सरस ठरतो, दोन्हीकडची शिस्त मोडते आणि मिश्रणाचा वितळणांक घसरतो. अशा मिश्रणांना युटेक्टिक म्हणतात.

आधुनिक रसायनशास्त्रात या विषयाला वेग आला तो २००३ साली. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात अँड्र्यू ॲबट आणि सहकाऱ्यांनी एक भाग कोलीन क्लोराइड आणि दोन भाग युरिया मिसळला. पहिलं ३०२ अंशांना वितळतं, दुसरं १३३ अंशांना, मिश्रण मात्र १२ अंशांपर्यंत द्रव राहतं. कोलीन क्लोराइड कोंबड्यांच्या खाद्यात घालतात, युरिया शेतात टाकतात. इतक्या साध्या, स्वस्त वस्तूंपासून द्रावक तयार होतो हे कळल्यावर जगभर अशी मिश्रणं धुंडाळली जाऊ लागली. त्यांना डीप युटेक्टिक द्रावक हे नाव पडलं.

पण कोलीन क्लोराइड आणि युरियाचं मिश्रण पाण्यात मिसळून जातं. पाण्यातून काही वेगळं काढायचं तर पाण्याशी फटकून राहणारा द्रावक हवा. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या गटाने स्निग्ध आम्लांपासून आणि पोर्तुगालमधल्या गटाने मेंथॉलपासून असे द्रावक बनवले. पाठोपाठ थायमॉल-मेंथॉल, थायमॉल-कापूर, मेंथॉल आणि डेकॅनॉइक आम्ल अशा जोड्या आल्या. डेकॅनॉइक आम्ल खोबरेल तेलातही थोडं असतं. औषधांचे अंश, बिस्फेनॉल, पॅराबेन, कीटकनाशकं पाण्यातून काढायला या जोड्या आज संशोधनात सर्रास वापरल्या जातात. म्हणजे अमृतधारेचे घटक विश्लेषणाच्या टेबलावर येऊन बसले आहेत.

एक चाचणी जवळून

सांडपाण्यातलं डायक्लोफिनॅक या रीतीने शोधायचं झालं तर काम साधारण असं चालतं.

थायमॉल आणि मेंथॉल तोलून एका कुपीत घ्यायचे, कोमट पाण्यात कुपी धरून ढवळायचं. मिश्रण नितळ झालं की द्रावक तयार. त्याला कारखाना लागत नाही, शुद्ध करण्याचा टप्पा नाही, मागे काही उरत नाही.

नमुन्याचं पाणी आधी गाळून घ्यायचं. मोरीच्या पाण्यात केस, तंतू, तेलाचे गोळे असतात, ते पुढे त्रास देतात. गाळलेलं दहा मिलिलिटर पाणी नळीत घ्यायचं. मग आम्लाचे थेंब घालून पाणी चांगलं आंबट करायचं, पीएच दोन-तीनपर्यंत आणायचा. हा टप्पा चुकला तर सगळं फुकट जातं. डायक्लोफिनॅक स्वतः सौम्य आम्ल आहे. साध्या पाण्यात त्याचा रेणू हायड्रोजन सोडून ऋणभारित होतो, आणि भारित रेणूला पाणी सोडवत नाही. पाणी आंबट केलं की हायड्रोजन परत जोडला जातो, भार जातो आणि रेणू तेलकट द्रवात जायला मोकळा होतो. सोबत थोडं मीठ घातलं तर पाणी मिठाच्या आयनांना धरून बसतं आणि औषधाला बाहेर ढकलतं.

आता द्रावकाचे शंभर मायक्रोलिटर, म्हणजे दोन-तीन थेंब, पिचकारीने आत सोडायचे आणि नळी मिनिटभर यंत्रावर थरथरवायची. पाणी दुधाळ होतं. मग सेंट्रिफ्यूज. थायमॉल-मेंथॉलचं मिश्रण पाण्याहून हलकं, त्यामुळे नळी बाहेर काढली की पाण्यावर पातळ, चकचकीत थर तरंगताना दिसतो. दहा मिलिलिटरमधलं औषध या थरात गोळा झालेलं असतं. ते पुरतं आलं तर ते शंभर पट दाट झालं. तो थर बारीक सुईने उचलायचा, थोड्या इथेनॉलने पातळ करायचा आणि एचपीएलसी यंत्रात, म्हणजे द्रवाच्या प्रवाहाबरोबर स्तंभातून नेऊन पदार्थ वेगळे करणाऱ्या यंत्रात, टोचायचा.

इथे एक खरी अडचण येते. थायमॉल स्वतः २७५ नॅनोमीटरच्या सुमाराचा अतिनील प्रकाश शोषतं, आणि डायक्लोफिनॅकही साधारण तिथेच दिसतं. यंत्रातल्या स्तंभाने दोघांना वेगवेगळ्या वेळी बाहेर काढलं नाही, तर थायमॉलचा मोठा डोंगर औषधाची टेकडी झाकून टाकतो. म्हणून प्रवाहाचं मिश्रण नीट बेतावं लागतं, नाहीतर थायमॉल सोडून मेंथॉल आणि डेकॅनॉइक आम्ल ही जोडी घ्यावी लागते, कारण त्या दोघांना तिथे फारसं शोषण नाही.

दुसरी अडचण साबणाची. नळाच्या पाण्यावर सुंदर चालणारी पद्धत धुलाईच्या पाण्यावर अडते. डिटर्जंटमुळे दुधाळ झालेलं मिश्रण फुटतच नाही, थर वेगळा होत नाही, शिवाय डिटर्जंटचे रेणू झुंडीने औषधाला पाण्यातच धरून ठेवतात. यावर इलाज म्हणजे नमुना पातळ करणं, मीठ वाढवणं, जास्त वेळ फिरवणं. आणि प्रत्येक वेळी त्याच सांडपाण्यात माहीत असलेलं प्रमाण मुद्दाम घालून त्यातलं किती परत मिळतं हे तपासणं. शंभर घातले आणि चाळीस मिळाले, तर पद्धत त्या पाण्याला लागू नाही. घरगुती सांडपाण्यासाठी पद्धत सांगताना ती शुद्ध पाण्यावर नव्हे, खऱ्या सांडपाण्यावर उतरली का हा पहिला प्रश्न विचारायला हवा.

काट्याने काटा

डिटर्जंटलाच कामाला लावणारीही एक रीत आहे. काही डिटर्जंट थंड पाण्यात नितळ विरघळतात आणि पाणी तापवलं की गढूळ होतात. ट्रायटन एक्स-११४ नावाच्या डिटर्जंटचं हे तापमान २३ ते २५ अंशांच्या आसपास, म्हणजे हिवाळ्यात नितळ आणि उन्हाळ्यात गढूळ. गढूळ झाल्यावर डिटर्जंटच्या झुंडी एकत्र येऊन वेगळा दाट थर करतात आणि पाण्यातले तेलकट प्रदूषक सोबत घेऊन येतात. जपानी संशोधकांनी १९७०च्या दशकात धातू गोळा करण्यासाठी ही युक्ती वापरली, पुढे ती सेंद्रिय प्रदूषकांनाही लागू झाली. उडून जाणारा, पेट घेणारा द्रावक यात अजिबात नाही.

मात्र ट्रायटन कुळातले डिटर्जंट मोडले की ऑक्टिलफिनॉल तयार होतं आणि ते माशांच्या संप्रेरकांत ढवळाढवळ करतं. युरोपीय संघाने २०२१च्या जानेवारीपासून या कुळाचा वापर परवान्याविना बंद केला. त्यामुळे या रीतीसाठीही लवकर कुजणारे दुसरे डिटर्जंट निवडणं हाच मार्ग आहे.

हिरवेपणाची पारख

यातूनच पुढचा धडा मिळतो. दोन-अडीच दशकांपूर्वी आयनिक द्रव नावाचे द्रावक हरित म्हणून गाजले. ते उडत नाहीत, पेटत नाहीत, वास येत नाही. नंतर कळलं की त्यातले अनेक पाण्यातल्या जिवांना विषारी आहेत आणि निसर्गात लवकर मोडत नाहीत. हवेत जात नाही एवढ्यावरून पाण्यात निरुपद्रवी ठरत नाही. तोच निकष थायमॉललाही लावायला हवा. ते ओव्यात असतं, पोटात चालतं, म्हणून नदीत चालेल असं नाही. जंतू मारणं हा त्याचा गुणच आहे आणि जलचरांना ते अपायकारक म्हणूनच नोंदलेलं आहे. वनस्पतीजन्य म्हणजे निर्धोक, हा समज प्रयोगशाळेत बाळगू नये. थायमॉलचा उरलेला थरही बाटलीत साठवायचा असतो, बेसिनमध्ये ओतायचा नसतो. फरक इतकाच, की १८० मिलिलिटर डायक्लोरोमिथेनऐवजी आता बाटलीत ०.१ मिलिलिटर पडतं. हा फरक फार मोठा आहे.

दावे पारखायला आता मोजपट्ट्या आहेत. २०१२ साली पोलंडच्याच गटाने मांडलेल्या पर्यावरणीय गुणांकन पद्धतीत शंभरपासून सुरुवात करायची. प्रत्येक घातक रसायन, जास्तीची वीज, साठलेला कचरा यांचे गुण कापत जायचं. ७५च्या वर राहिलं तर पद्धत उत्तम, ५०च्या खाली गेलं तर नापसंत. २०२० मध्ये आलेल्या ॲग्री नावाच्या पद्धतीत बारा तत्त्वांचे बारा भाग घड्याळाच्या तबकडीसारखे रंगवून दिसतात आणि मधोमध शून्य ते एक असा आकडा येतो.

या मोजपट्ट्या लावल्या की लपलेला खर्चही उघडा पडतो. निष्कर्षणात थेंबभर द्रावक वापरला, पण एचपीएलसी यंत्रातून मिनिटाला एक मिलिलिटर ॲसिटोनायट्राइलमिश्रित द्रव वाहत ठेवला, तर चोवीस तासांत जवळजवळ दीड लिटर घातक कचरा होतो. शक्य तिथे इथेनॉल वापरणं आणि बारीक स्तंभ लावून प्रवाह कमी करणं हेही हरित पद्धतीचाच भाग आहे. सीओडीच्या रोजच्या चाचणीत पाऱ्याचा क्षार आणि डायक्रोमेट लागतं, त्याचाही हिशेब याच वहीत मांडायला हवा.

नियमात यायला हवं

युरोपीय संघाचा शहरी सांडपाण्याविषयीचा सुधारित कायदा जानेवारी २०२५ पासून अंमलात आला. त्यात डायक्लोफिनॅक, कार्बामाझेपिन यांच्यासह बारा निदर्शक पदार्थ नावानिशी दिले आहेत, मोठ्या केंद्रांनी ते किमान ८० टक्के काढायला हवेत, आणि या जादा शुद्धीकरणाचा किमान ८० टक्के खर्च औषधं व सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्यांनी उचलायचा आहे. आपल्याकडच्या शुद्धीकरण केंद्रांच्या निकषांत एकाही औषधाचं नाव नाही. नाव नाही म्हणून चाचणी नाही, चाचणी नाही म्हणून आकडे नाहीत, आणि आकडे नाहीत म्हणून प्रश्न आहे की नाही यावरच वाद.

ही साखळी तोडायला हरित पद्धती उपयोगी पडतील. रसायनं कमी लागली की चाचणीचा खर्च उतरतो, विषारी कचरा कमी झाला की ती लहान प्रयोगशाळेत करता येते, आणि नमुना दहा मिलिलिटरचा पुरला की गावोगावचं पाणी छोट्या कुपीतून आणता येतं. औषधांच्या अगदी सूक्ष्म अंशांसाठी मोठी यंत्रं लागतीलच, पण मायक्रोग्रॅमच्या पातळीवरची पहिली चाळणी जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातही होऊ शकते. त्यासाठी दोन गोष्टी व्हायला हव्यात. मानकं ठरवणाऱ्यांनी क्लोरोफॉर्म आणि डायक्लोरोमिथेनच्या पद्धतींशेजारी पडताळलेल्या हरित पद्धतींना जागा द्यावी, जशी एकेकाळी फ्रिऑनच्या जागी दुसरी पद्धत आली. आणि रसायनशास्त्राच्या पदवी वर्गात विद्यार्थ्यांना पहिल्या दिवसापासून थेंबाने काम करायला शिकवावं.

वाचकांसाठी तीन गोष्टी. उरलेली, मुदत संपलेली औषधं बेसिनमध्ये किंवा संडासात टाकू नका. मलम चोळलेला हात धुण्याआधी कागदाने पुसून घ्या, म्हणजे औषध पाण्यात कमी जाईल. आणि आपल्या गावाच्या सांडपाणी केंद्रात काय काय तपासलं जातं हे माहितीच्या अधिकारात एकदा विचारा. ज्या पदार्थाचं नाव त्या उत्तरात येणार नाही, तो आज कोणीही मोजत नाही असं समजा आणि तो मोजला जावा अशी लेखी मागणी करा.